गुंड्याला कोण फिरवतं

गुंड्यानं दोरी माझ्या पायांवर टाकली आणि दोन पावलं मागं सरकून बसला.

"नाही," मी म्हटलं. "आज नाही."

त्यानं मान तिरकी केली. सकाळचे साडेसहा वाजले होते, पण पन्हाळ्याचं ऑगस्टमधलं धुकं खिडकीच्या गजांना टेकून उभं होतं आणि अंगणापलीकडचं फाटकही दिसत नव्हतं. मी पांघरूण डोक्यावर ओढलं. थोड्या वेळानं गालाला काहीतरी ओलसर लागलं. दोरी आता उशीवर होती.

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते. कोल्हापूरच्या दवाखान्यात ते गेले, दिवसही मी कोल्हापुरातच केले, आणि जुलैच्या शेवटी घर आवरायला म्हणून वर पन्हाळ्याला आले. घर विकायचं होतं. पुण्याच्या नोकरीतून महिनाभराची रजा घेतली होती. छत्तीस वर्षांची होते, एकटी होते, आणि खरं सांगायचं तर काहीही आवरत नव्हते. दिवसभर बाबांच्या आरामखुर्चीत बसायचं, चहा प्यायचा, कपाटं उघडायची आणि परत लावायची, एवढंच चाललं होतं.

त्यात हा गुंड्या. अर्धा अल्सेशियन, अर्धा गावठी, अकरा वर्षांचा, मागच्या डाव्या पायानं किंचित लंगडणारा. बाबा त्याला रोज सकाळी तासभर फिरवायचे. मी नव्हते फिरवत. पण त्याचा व्यायाम बुडू नये एवढी लाज होती, म्हणून मी बसल्या जागेवरून जमतील असे उद्योग शोधले.

आधी चेंडू. खुर्ची ओसरीवर ओढायची आणि उतरत्या अंगणात चेंडू फेकायचा. गुंड्यानं तो तीनदा आणला. चौथ्यांदा खालीच जांभळाच्या झाडाशी चेंडू पोटाखाली घेऊन बसला आणि तिथून माझ्याकडं बघत राहिला. चढण त्याच्या पायाला सोसत नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मग ओसरीच्या खांबापासून झाडापर्यंत तार बांधली, तिच्यात कडी अडकवली, कडीला गुंड्या. त्यानं एक फेरी मारली आणि तारेखाली आडवा झाला.

शेवटी मी कोल्हापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "म्हातारा झालाय, पळवू नका. हुंगू द्या. नाकाला काम दिलंत की निम्मा व्यायाम तिथंच होतो." हे मला फार पटलं, कारण ते बसून करता येत होतं. मी भाकरीचे बारीक तुकडे करून कुंड्यांखाली, पायरीच्या फटीत, तुळशीच्या कट्ट्यामागं लपवायचे आणि गुंड्या अर्धा तास नाक खाली घालून एकेक शोधायचा. खूश असायचा. दमून झोपायचाही. पण सकाळ झाली की पुन्हा खुंटीवरची दोरी ओढून काढायचा आणि माझ्याजवळ आणून ठेवायचा.

त्या दिवशी उशीवर दोरी आली तेव्हा मी वैतागून उठले, दोरी त्याच्या तोंडात दिली, फाटक उघडलं आणि म्हटलं, "जा. तुझा तू फिरून ये."

तो गेला. गळ्यातलं घुंगरू थोडा वेळ वाजत राहिलं, मग धुक्यात विरलं. मी परत झोपले.

पावणेआठला फाटकाशी घुंगरू वाजलं. गुंड्या उभा होता. दोरी त्याच्या तोंडात नव्हती. ती त्याच्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन नीट गुंडाळलेली होती आणि मुठीकडचा फास वेढ्यांखालून घेऊन पट्ट्याच्या कडीत अडकवला होता, पायात येऊ नये म्हणून.

बाबा असंच करायचे. लहानपणी आमच्याकडं होता त्या कुत्र्यालाही ते असंच गुंडाळून द्यायचे, दोन वेढे आणि फास आत.

कुणीतरी भला माणूस भेटला असेल, मी मनाशी म्हटलं. कुत्रं मोकळं दिसलं, दोरी लोंबताना दिसली, दिली गुंडाळून. एवढंच. मी फास सोडवायला हात घातला आणि तसाच मागं घेतला. हवा थंडगार होती, गुंड्याची फर दवानं भिजली होती, सगळी दोरी ओली होती. फक्त मुठीत धरायचा तो फास तेवढा ऊबदार होता. कुणीतरी तासभर धरून आत्ता सोडल्यासारखा.

मी फाटकाबाहेर बघितलं. कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याला सोडलं. खरं तर फिरवायचं काम माझ्यावरून टळलं याचं बरंच वाटत होतं. पुन्हा दोन वेढे, फास आत. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवसापासून मला झोप लागेना. गुंड्या गेला की मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून घुंगराची वाट बघत पडून राहायचे. आला की धावत जाऊन आधी फासाला हात लावायचे. रोज ऊबदार.

दूध घालायला आणि भांड्यांना हौसाबाई यायच्या; मी येईपर्यंत गुंड्यालाही त्यांनीच आपल्याकडं बांधून सांभाळलं होतं. त्यांना विचारलं, "गुंड्याला सकाळी कोण फिरवतं हो?"

"तुमीच की," त्या म्हणाल्या आणि भांडी घासत राहिल्या.

आठव्या दिवशी मी कपडे करून तयार बसले. गुंड्यानं दोरी उचलली, मी फाटक उघडलं आणि वीस पावलं अंतर ठेवून मागून निघाले.

वीस पावलांवर तो दिसत नव्हता. घुंगराच्या आवाजावर चालत होते. डांबरी रस्ता संपला, पायाखाली तांबडी चिखलवाट लागली, आणि उजवीकडून वारा वर येऊ लागला, तेव्हा कळलं की आपण तटाच्या कडेनं चाललोय. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला कंबरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडं सगळं पांढरं. खाली दरी होती हे फक्त वाऱ्यावरून समजत होतं. घुंगरू मधेच एका घराशी थांबलं होतं, तिथं दार वाजल्यासारखंही वाटलं होतं. आता ते सावकाश वाजत होतं. चार पावलं, थांबा. चार पावलं, थांबा.

आणि मग धुक्यातून माणसाचा आवाज आला.

"आज पाय भरून आलेत रे, दिगू. जरा दमानं."

मी जागच्या जागी थिजले. बाबांचं नाव दिगंबर. त्यांना दिगू म्हणणारं माणूस आजीनंतर मला भेटलं नव्हतं.

"थांबलाय होय हा? हुंगू दे, हुंगू दे. कायतरी गावलंय त्याला." आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, जाड, खर्जातला. मग थोडा वेळ शांतता. मग तोच आवाज खुदखुदून हसला. "न्हाई न्हाई, तसं न्हाई म्हणत मी. तुझं आपलं कायतरीच!"

कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं. पण ज्याला उत्तर दिलं तो काही बोललेला मला ऐकू आला नव्हता.

वाऱ्यानं क्षणभर धुकं फाटलं. पांढरी टोपी, पाठीत थोडा वाकलेला उंच म्हातारा, पुढं गुंड्याची शेपटी. मग पुन्हा सगळं मिटलं. मी वळले आणि पळत घरी आले. ओसरीवर बसून राहिले. पावणेआठला गुंड्या आला. त्या दिवशी मी फासाला हात लावला नाही.

हौसाबाईंना मी म्हाताऱ्याचं वर्णन सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "इंगवले मास्तर. ड्रिलचे मास्तर होते साळंत. धा-बारा वर्सं झाली, डोळं गेलं. तुमच्या बाबांचं लई होतं त्यांच्यासंगं."

इंगवले. बापू इंगवले. बाबांच्या पत्रांत हे नाव असायचं. चार वर्षांपूर्वी गळ्याच्या कर्करोगात बाबांचा आवाज काढून टाकावा लागला. स्वरयंत्रच काढलं. तेव्हापासून फोन बंद झाले आणि बाबा पत्रं लिहू लागले, दर रविवारी एक. मी दोन-तीन पत्रांना मिळून एक उत्तर धाडायचे. आलेली वरवर वाचून ड्रॉवरमध्ये टाकायचे, आणि तो ड्रॉवर पुण्याला होता. माझ्या पर्समध्ये मात्र शेवटचं एक होतं, मे महिन्यातलं. ते त्या दुपारी पहिल्यांदा नीट वाचलं.

"बापूला, गुंड्याला आणि मला डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे," बाबांनी लिहिलं होतं. "तिघांचे पाय सारखेच. गुंड्या जिथे थांबेल तिथे आम्ही थांबतो. तो वास घेतो म्हणजे सकाळचे वर्तमानपत्र वाचतो, आणि वाचत असलेल्या माणसाला कोणी ओढत नाही. फिरणे त्याचे, आम्ही सोबतीला. ऊन तापायच्या आत परत येतो, कारण त्याच्या पायांत चपला नाहीत. तू आलीस तर तुलाही नेऊ."

दुपारी तीनला मी इंगवल्यांच्या घरी गेले. मास्तर आत झोपले होते. त्यांची सून मालन मागच्या दारात घेवडा निवडत बसली होती, तिशीची, बोलकी बाई. नवरा कोल्हापुरात कारखान्यात, पहाटेच्या एसटीनं जायचा. मला बघून ती उठली, सतरंजीचा तुकडा पुढं सरकवला आणि आवाज बारीक करून म्हणाली, "ताई, आत ऐकू जाया नको. मामंजींना आमी सांगितलेलं न्हाई."

"काय?"

"काका, तुमचे बाबा, गेले ते. दोनदा झटका येऊन गेलाय त्यांना. डॉक्टर म्हणाले, कसलाच धक्का नको. आमी सांगितलं, काका लेकीकडं गेलेत पुण्याला, औषधाला. तर मामंजींनी खाटच धरली बघा. जेवेनात, बोलेनात. महिना-सव्वा महिना असाच गेला. आणि मग त्या दिवशी सकाळी दारात गुंड्याचं घुंगरू वाजलं. ताडकन उठून बसले! म्हणाले, आला दिगू परत."

"पण बाबा..." मला काय विचारायचं तेच नीट सुचेना. "बाबा सोबत नाहीत हे त्यांना कळत नाही?"

"कसं कळंल? ह्यांना डोळं न्हाईत आणि काकांना आवाज न्हवता. दोरीवर बोलायचे दोघं." तिनं घेवड्याची शेंग दोन बोटांत धरून हलकेच ओढून दाखवली. "एक झटका म्हंजे पायरी. दोन म्हंजे थांब. तीन म्हंजे मी हसलो. चार वर्सं असंच. दोरीचा फास दोघांच्या मुठीत आणि पुढं गुंड्या."

"आता तो फास त्यांच्या एकट्याच्याच हातात असतो ना, मालन. एकटा आंधळा माणूस कड्याच्या वाटेनं जातोय. तुम्ही जाऊ कसं देता?"

ती माझ्याकडं बघत राहिली.

"एकटे कुठं?" ती म्हणाली. "तुमी असतासा की संगं."

"मी? मी झोपलेली असते. आज पहिल्यांदा मागून गेले."

मालननं घेवड्याची पाटी खाली ठेवली. आत मास्तरांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"मग कोण असतंय?" ती शेवटी म्हणाली. "दारातनं मला दिसतंय न्हवं रोज. धुक्यात तोंड दिसत न्हाई, पण मामंजी असत्यात, गुंड्या असतोय, आणि कुणीतरी असतंय. मी म्हटलं ताई हाईत. बोलत न्हाईत आपल्यासंगं, तर बापाचं दुःख हाय."

तिनं दोन्ही हातांनी दंड चोळले. मग आम्ही दोघी बायका एकदम व्यवहाराचं बोलायला लागलो, जसं घाबरल्यावर बोलतात. धुक्यात एखादं झाड माणसासारखं दिसतं. म्हाताऱ्या माणसांना भास होतात. ते काही असो, हे थांबवायला पाहिजे. ठरलं असं, की उद्यापासून मी गुंड्याला सोडायचं नाही. त्याचा पाय दुखावलाय असं मालननं सांगायचं. पुढं हळूहळू बघू.

त्या रात्री पाऊस कोसळला. सकाळी गुंड्यानं दोरी आणली तेव्हा मी ती त्याच्याकडून घेऊन फळीवर ठेवली, त्याला स्वयंपाकघरात घातलं आणि बाहेरून कडी लावली. तो दार खरवडेल, रडेल असं वाटलं होतं. त्यानं काहीच केलं नाही. दाराच्या फटीतून बघितलं तर तो अंगणाच्या बाजूच्या खिडकीखाली बसला होता, कान उभे, आणि शेपटी फरशीवर सावकाश आपटत होता. ओळखीचं माणूस घरापुढून जाताना कुत्री करतात तसं. त्याची मान डावीकडून उजवीकडं हळूहळू वळली आणि मग शेपटी थांबली.

सातला हौसाबाई दूध घेऊन आल्या, छत्रीवरून पाणी निथळत होतं. "ताई, तटाकडं जाऊ नगा हां कुणी. रात्री भित ढासळली. वाटंचा पार लचका तुटून गेलाय खाली. अजून कुणी काटकीबी आडवी लावली न्हाई तिथं."

मला हायसं वाटलं. कालच ठरवलं ते किती बरं झालं, असं मी त्यांना सांगणारच होते. तेवढ्यात फाटक वाजलं आणि मालन धावत आत आली. केस मोकळे, चिखलानं साडी भरलेली.

"मामंजी हिकडं आलेत?"

"नाही. का?"

"न्हाई घरात! मी चुलीपुढं होते. मी सांगितलं होतं त्यांना, गुंड्याचा पाय दुखावलाय, तो यायचा न्हाई म्हणून. तर म्हणाले, खुळी का काय तू, तो बघ आला की दारात. आणि गेले. ताई, घुंगरू वाजलेलं मीबी ऐकलं. मला वाटलं तुमीच सोडला त्याला."

मी स्वयंपाकघराची कडी काढली. गुंड्या आतून बाहेर आला. मालननं त्याला बघितलं आणि भिंतीला हात टेकला.

"तू घरी जा, ते परत आले तर कुणीतरी पाहिजे," मी म्हटलं आणि गुंड्याचा पट्टा धरून पळत सुटले.

त्या लंगड्या पायानं गुंड्या कधी पळाला नव्हता. त्या दिवशी पळाला. पाऊस थांबला होता पण धुकं असं दाट होतं की माझा पुढं केलेला हात मला धूसर दिसत होता. तटाच्या वाटेला लागल्यावर मी हाका मारणार होते, पण मारल्या नाहीत. हाकेनं तो माणूस दचकला, एक पाऊल इकडंतिकडं झालं, तर? मी पळणं सोडून चालू लागले, पाय दाबून. भिंत उजव्या हाताला लागत होती. ओले, खडबडीत दगड एकामागून एक. मग हाताला एकदम काहीच लागलं नाही.

मी थांबले. चार पावलांवर मास्तर उभे होते.

ताठ उभे होते, तोंड पुढं. टोपी भिजून कपाळाला चिकटलेली. डाव्या हाताची मूठ पोटाशी आवळलेली, दोरी धरावी तशी, आणि मुठीत काही नव्हतं. त्यांच्या पायांपुढं दीड-दोन हात चिखल होता आणि त्यापुढं वाट नव्हती. उघडी पडलेली मुळं आणि खालून वर येणारं पांढरं धुकं. कुठंतरी खोल एक दगड घरंगळत गेल्याचा आवाज आला.

"काका," मी अगदी हळू म्हटलं. "हलू नका."

"मी कुठं हलतोय?" ते मान न वळवता म्हणाले. चिडले होते. "हलू देतंय कोण! मघापासनं धरून उभा केलाय ह्यानं. माझं कोपर दुखाया लागलं. आणि हा गुंड्या पायात आडवा बसलाय. उठ म्हटलं तर उठंना. कोण तू?"

"मी... दिगंबर सबनीसांची मुलगी."

"पोरी, तू होय! मग सांग तुझ्या बापाला, सोड म्हणावं. का थांबवलंय ते तरी सांग म्हणावं."

गुंड्या माझ्या पायाशी धापा टाकत उभा होता. मास्तरांच्या पायांपुढं फक्त चिखल होता, आणि त्या चिखलात काही उमटलंय का ते मी बघितलं नाही. बघायचंच नाही असं ठरवून बघितलं नाही.

"काका, पुढची वाट खचलीय. रात्री. तुमच्यापुढं दीड हातावर."

त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी पाय न उचलता अंग थोडं मागं घेतलं. मी जवळ जाऊन त्यांचा सदरा पाठीमागून घट्ट धरला आणि त्यांना एकेक पाऊल मागं आणलं, आठ पावलं, भिंत पुन्हा सुरू होईपर्यंत. तिथं ते भिंतीला टेकले. हात खाली करून त्यांनी गुंड्याला चाचपलं. डोक्यावरून, मानेवरून, पाठीवरून हात नेला. मग थांबले. पुन्हा एकदा हात फिरवला.

"हा कोरडा हाय," ते म्हणाले.

मी गुंड्याच्या पाठीला हात लावला.

"मघाशी ओला गच्च होता. माझ्या पायाला टेकून बसला होता, माझं धोतर भिजलं त्याच्या अंगानं. हा आत्ता आला होय? तुझ्यासंगं?"

"हो, काका."

ते बराच वेळ त्याच्या मानेत बोटं खुपसून बसले. मला वाटलं, आता यांच्या छातीत कळ येणार आणि ती माझ्यामुळं येणार. पण त्यांनी नुसतं विचारलं, "दिगू कधी गेला?"

"सव्वीस जूनला."

"त्रास झाला?"

"शेवटचे दोन दिवस. मग झोपेतच."

"तू होतीस जवळ?"

"नव्हते," मी म्हटलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "फोन आल्यावर निघाले. उशीर झाला."

त्यांनी मान हलवली. रागावून नाही. भिजलेली टोपी काढून पिळली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

"मालनला बोलू नको काही," ते म्हणाले. "बरं केलं तिनं. मला जूनमधी कळलं असतं, तर मी परत घराबाहेर पडलोच नसतो." मग थोड्या वेळानं, "चल. गुंड्याला थंडी वाजंल."

मी दोरी आणली नव्हती. माझी ओढणी गुंड्याच्या पट्ट्यात ओवली, एक टोक त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि त्यांना आधार द्यायला उजव्या बाजूला गेले.

"त्या अंगानं नको, पोरी," ते हलक्या आवाजात म्हणाले. "हिकडनं ये."

मी काही न विचारता डाव्या बाजूला आले. गुंड्या चार पावलं चालला, थांबला, एका दगडाचा वास घेत राहिला. आम्ही थांबलो. मला घाई करावीशी वाटली नाही. पुन्हा चार पावलं.

पुढचं थोडक्यात. मी घर विकलं नाही. रजा संपल्यावर पुण्याला गेले, बदली मागितली, कोल्हापूरला मिळाली, आणि पन्हाळ्याहून रोज खाली जाऊ लागले. सकाळी सव्वासहा ते साडेसात मात्र मी त्या दोघांबरोबर असायचे, तटाची वाट सोडून आतल्या रस्त्यानं. गुंड्या जाईल तिकडं जायचो. कधी नाक्यापर्यंत, कधी नुसतं एका वडाखाली वीस मिनिटं. तो पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर गेला. मास्तर त्यानंतर तीन वर्षं होते, आणि कुत्रा नसला तरी चालायला यायचे. उजवी बाजू मी कधी मागितली नाही. याला आता वीस-बावीस वर्षं झाली.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं.

आम्ही परत आलो तेव्हा मालन त्यांच्या घराच्या फाटकात उभी होती. धुक्यात तिला आधी घुंगरू ऐकू आलं असणार, मग आम्ही दिसलो असणार. ती हाक मारेल, रडेल, सासऱ्यांच्या पायाशी येईल असं मला वाटलं. ती तशी पुढं आली, आणि मधेच थांबली. मोकळे केस तिनं झटकन मागं सारले आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

आंधळ्या सासऱ्यांपुढं ती कधी पदर घेत नसे. मी तर बाईमाणूस.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. खाली मान घालून ती फाटकाच्या कडेला सरली, आणि मास्तर, मी, गुंड्या आत आल्यावरही आणखी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं सावकाश फाटक लावून घेतलं.